कोसमटोल्याचं फुकट नेट

"हलू नका! तिथंच… अगदी तिथंच थांबा!"

कुणीतरी मागून ओरडलं आणि मी दचकले. दचकले म्हणजे हलले, आणि हलले म्हणजे रेंज गेली. पलीकडून आरमोरीचा व्यापारी मरळ मासळीचा भाव सांगत होता. आकडा त्याच्या तोंडून निघाला असेल, माझ्या कानात काही पोचला नाही.

आमच्या कोसमटोल्यात फोनला रेंज एकाच जागी मिळायची — तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखालच्या चपट्या दगडावर, तीही तोंड आरमोरीकडं केलं तर. गावच्या मासेमार संस्थेची विक्री मी बघायची. बाबा आणि बाकीची माणसं तलावात उतरायची, मी दगडावर चढायची. मासळी कोणत्या बाजाराला न्यायची ते त्या दगडावर ठरायचं.

वळून पाहिलं तर एक तरुण. निळा टी-शर्ट, खिशावर कंपनीचं चिन्ह, हातात काड्या लावलेल्या डब्यासारखं काहीतरी यंत्र.

"क्षमा करा मॅडम. या परिसरातील सिग्नलचं मोजमाप सुरू आहे."

"मोजा ना. पण माह्या मासळीचा भाव गेला, तो कोण आणून देईन?"

"किती सांगत होता?"

"तेच तर सांगून राह्यला होता!"

तो हसला. हसताना खाली बघायची त्याला सवय असावी. मला खरं म्हणजे आणखी राग यायला हवा होता… आला नाही.

"पुन्हा चढा," तो म्हणाला आणि यंत्र माझ्या डोक्यापाशी धरून सांगू लागला, "थोडं डावीकडं… अजून… बस. आता लावा."

फोन एका दमात लागला. आवाज इतका खणखणीत, जणू व्यापारी शेजारी उभा आहे. म्हणजे इतके दिवस मी दगडाच्या चुकीच्या टोकावर उभी राहून घसा फोडत होते!

"नाव काय तुमचं?" भाव मिळून माझा चेहरा सैल झाल्यावर त्यानं विचारलं.

"डिंपल."

त्यानं माझ्या गालाकडं पाहिलं. "पण खळी तर कुठी दिसून नाई राह्यली…"

पुस्तकी मराठी कुठल्या कुठं पळाली होती. त्याचं त्यालाच कळलं तसा तो जीभ चावून गप्प झाला. मी पाळीवरून उतरले. उतरताना हसले, पण पाठमोरी. त्याचं नाव मिथुन, गाव चिमूरजवळचं आणि त्याच्याही घरी मासेमारीच, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, सगळ्या गावाबरोबर.

ते २०१५ सालचे हिवाळ्याचे दिवस होते. धान कापून झालं होतं, बांधावर पेंढ्या वाळत होत्या. समाजमंदिरासमोर गाव जमलं आणि मिथुननं कंपनीची योजना मांडली. गावानं टॉवरसाठी जागा द्यायची, बदल्यात घराघरात नेट मिळेल — फुकट. त्यानं पाच-सहा फोन सगळ्यांच्या हातात फिरवले. धानाचे भाव, हवामान, गाणी, कपड्यांचं दुकान… बोटाखाली सगळं सरकत होतं. बायका एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. श्रावण तर एका गाण्यावर बसल्या बसल्या नाचला. गावात कशाचीही पहिली टर उडवायची ती त्यानं.

नीलाबाई एका कोपऱ्यात होत्या. त्यांची मुलगी साधना हैदराबादला नर्स होती, दीड वर्षापासून घरी आली नव्हती. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "यात माही साधना दिसन का, बाबू? ती म्हणते, आई, नेट घे, मी तुले रोज दिसन."

मिथुननं घसा खाकरला. "ती… ती सेवा सध्या या योजनेत समाविष्ट नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे… नाई दिसत, बाई."

मीही एक फोन घेऊन बसले होते. मासळीचा भाव शोधला, तर एकाच दुकानाचा भाव वर आला. ते दुकान कंपनीचंच. बाकी जिथं बोट लावावं तिथं एक छोटं कुलूप दिसायचं.

"बाकीचे बाजार कुठी गेले?" मी विचारलं.

"ते यात उघडत नाहीत."

"समजा, आमच्या संस्थेनं नेटवर आपलं पान काढलं, मासळी विकाले. ते उघडन?"

"कंपनीनं मान्यता दिली तर नक्कीच."

"अन् नाई देल्ली तर?"

तो फिरवलेले फोन गोळा करू लागला. आमच्या गावात एक पद्धत आहे. गावाची जागा, तलाव, जंगल यांचा निर्णय हात मोजून होत नाही. सगळ्यांना पटलं तरच पटलं. एकालाही पटलं नाही तर निर्णय थांबतो, अभ्यासगट बसतो आणि ज्यानं गोष्ट आणली त्याला पुन्हा येऊन उत्तरं द्यावी लागतात. बाहेरचे साहेब यानं वैतागतात. गाव वैतागत नाही.

"मले पटलं नाई," मी म्हटलं.

गावचे जाणते इस्तारीभाऊ यांनी मान डोलावली. "मंग बसा. मंगळवारी ये, पोरा."

आणि तो आला. पुढच्या मंगळवारी आला, त्याच्या पुढच्याही. मी विचारायची, तो सांगायचा. कुलूप कोण लावते? कंपनी. काढते कोण? कंपनी. ज्याच्याजवळ पैसा हाये त्याचं दुकान पहिले दिसन का? तो डोकं खाजवायचा. आम्ही असे भांडायचो की अभ्यासगटातली बाकीची माणसं भुईमुगाच्या शेंगा फोडत तमाशा बघायची. एकदा इस्तारीभाऊ मध्येच म्हणाले, "आपण तलावाचं पाणी सोडतो तवा विचारतो का, बांधीत कोणतं धान लावलं म्हणून? पाट सगळ्यायचा." बाईक काढताना मिथुन कितीतरी वेळ त्या पाटाकडं बघत होता.

त्याची एक खोड मला लवकरच सापडली. कंपनीचं बोलायचं असलं की तो पुणेरी बोलायचा, आणि मनातलं असलं की चिमूरचं. एका मंगळवारी तो आमच्याकडं जेवायला थांबला, तेव्हा मी त्याला ते सांगितलंसुद्धा.

"असं कसं होईल? मी सर्वांशी सारख्याच भाषेत संवाद साधतो," तो म्हणाला.

"हे कंपनीचं होतं."

"अन् आज तुमच्या आईनं केलेली झिंगे-वांग्याची भाजी मी तीनदा घेतली, ते?"

"ते मनातलं."

"अन् तुमी चिडल्या का नाकाचा शेंडा लाल होते, ते?"

मी ताट उचलून आत गेले. आत जाऊन आरशात नाक पाहिलं. लाल होतं.

गावाच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. "मंगळवारीच कशी गं तुही ओढणी इस्त्रीची असते?" नीलाबाई विचारायच्या. आणि श्रावण पाळीवरून हाक द्यायचा, "डिंपलले नेट पटत नाई का मिथुनले सोडाचं नाई, हे एकदा समजलं पाह्यजे बाप्पा!" मी त्याला चिखलाचा गोळा फेकून मारायची. पण मनातून मला धास्ती वाटत होती. माझे प्रश्न खरे होते, अगदी खरे. तरी मंगळवारी बाईकचा आवाज आला की छातीत जे व्हायचं, तेही खरंच होतं.

डिसेंबरात अवकाळी पाऊस आला. मंगळवारच होता. तलावापलीकडून काळं आभाळ चालून आलं आणि सगळं गाव धानाच्या पुंजण्यांकडं धावलं. रचून ठेवलेली पेंढी भिजली की वर्ष भिजलं. मी ताडपत्रीचं एक टोक ओढत होते, दुसरं वाऱ्यानं हातात येत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी ते पकडलं. मिथुन! हेल्मेटसुद्धा डोक्यावर तसंच.

"ओढा… अजून ओढा! दगड कुठी हाये?"

"तुमच्या पायाखाली!"

झाकून झालं तेव्हा आम्ही दोघं नखशिखांत भिजलो होतो. ताडपत्रीचा कडेचा भाग वर धरून आम्ही पुंजण्याला टेकून उभे राहिलो. पेंढीचा ऊबदार वास, बाहेर पावसाची झोड. त्यानं हेल्मेट काढलं आणि केसांतून पाणी झटकलं.

"डिंपल… एक सांगाचं होतं."

चिमूरचं बोलणं होतं. मी ऐकू लागले.

"या महिन्यात तुमच्या गावचा होकार आला तर माही नोकरी पक्की होते. गडचिरोलीच्या ऑफिसात. नाई आला तर मले ओडिशात पाठवतात. कोरापुट."

"दूर हाये?"

"सुट्टीत घरी यावं का नाई, असा विचार करावा लागते… इतकं."

पावसाचा जोर वाढला. मी ताडपत्री आणखी खाली ओढली.

"अन् कुलूप? ते कधी निघन का?"

"साहेबाले विचारलं मी. तो हसला. म्हणे, फुकटात अजून किती पाह्यजे त्याईले?"

"निघन म्हणून सांगता आलं असतं तुमाले. मी मानलं असतं."

"आलं असतं." तो खाली बघून हसला. "तुमच्यापुढं जीभ वळत नाई."

गडचिरोली म्हणजे बाईकवर येण्याजोगं अंतर. गडचिरोली म्हणजे मंगळवार संपणार नाहीत. आणि त्यासाठी मला फक्त एक शब्द म्हणायचा होता.

"मी तुमाले हो म्हणा, असं म्हणून नाई राह्यलो," तो हळूच म्हणाला. "फक्त… तुमाले मालूम असावं, एवढंच."

पाऊस थांबला, तो गेला, आणि माझी पुरती दैना उडाली. जेवण जाईना. आई म्हणाली, "म्हण ना हो. फुकटचं हाये, पोरगाबी चांगला हाये. दोन्ही घरात येतात." मी वाढून घेतलेलं ताट तसंच सारलं की बाबा माझ्याकडं बघायचे. नीलाबाई तर स्वतः घरी आल्या. "चालन गं," त्या म्हणाल्या. "साधना नाई दिसली तर नाई दिसली. गाणे तर दिसतीन. तू माह्यासाठी नको अडू." आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या. त्या असं म्हणाल्या नसत्या तर बरं झालं असतं.

शेवटच्या सभेला मी हो म्हणायचं ठरवूनच गेले होते. मनात घोकलंही होतं. समाजमंदिरासमोर ऊन कोवळं होतं, सगळं गाव आलेलं. मिथुन एका कडेला उभा, आज त्याच्या हातात एकही यंत्र नव्हतं. इस्तारीभाऊ एकेकाला विचारत होते.

"पटलं."

"पटलं जी."

नीलाबाईंनी जमिनीकडं बघत म्हटलं, "पटलं."

माझी पाळी आली. मी उभी राहिले. मिथुननं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली — मला जड जाऊ नये म्हणून. त्यानंच घात केला. असल्या माणसासमोर खोटं कसं बोलायचं?

"मले… पटलं नाई."

हशा पिकला. श्रावण ओरडला, "घे मिथुन, अजून एक मंगळवार तुह्या नावानं!"

"हासा," मी म्हटलं. आता थांबणं शक्य नव्हतं. "तुमाले वाटते, मी याईले बोलवासाठी नाई म्हणते. आज नाई म्हटलं तर मंगळवारच नाई उरत. हे ओडिशात जातात. मले मालूम हाये. याईनं जाऊ नये असं मले वाटते… लय वाटते. तरी मी नाई म्हणून राह्यली."

कुणी हसलं नाही. सगळ्या गावासमोर मी काय बोलून बसले ते मला बोलल्यावर कळलं. कान तापले. बाबा तलावाकडं बघत होते.

"नीलाबाईले आपली पोरगी दिसत नाई, अन् आपण म्हणतो, चालन," मी कसंबसं पुढं बोलले. "उद्या आपल्या संस्थेचं पान नाई दिसणार. परवा आपल्या बांबूच्या लिलावाची नोटीस नाई. काय पाहाचं अन् काय नाई, ते आपण ठरवू ना. फुकट हाये म्हणून आपले डोळे दुसऱ्याच्या हातात काऊन देऊ?"

इस्तारीभाऊ मिथुनकडं वळले. "पोरा, चिमूरले तुह्या घरी असं आणलं असतं, तर तू काय म्हटलं असतं?"

मिथुननं घसा खाकरला. "आमच्या कंपनीची भूमिका अशी आहे की…" तो थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. या वेळी नजर काढून घेतली नाही. "नाई, इस्तारीभाऊ. मीबी हो नसतं म्हटलं."

मग नीलाबाई उठल्या. "मंग मलेबी नाई पटलं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मले माही साधना पाह्यजे."

गावानं ठरवलं, कुलूप लावलेलं फुकट नेट नको. उघडं आणा, मग थोडे पैसे पडले तरी चालतील. त्या दिवसांत अशा योजनांवरून देशभर वाद चालू होता आणि दिल्लीनं लोकांची मतं मागवली होती. इस्तारीभाऊंनी आरमोरीच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून गावाचं मतही पाठवून दिलं.

मिथुन बाईकपाशी उभा होता. मी गेले.

"नोकरी गेली का तुमची?"

"अजून नाई. संध्याकाळपर्यंत जाईन." तो हसला. मग हसू ओसरलं. "जातो मी."

"जातो नाई म्हणत. येतो म्हणा."

"येतो," तो म्हणाला. पण मला तो शब्द नुसता रीत पाळल्यासारखा वाटला. बाईक पाळीवरून दिसेनाशी झाली आणि मी घरी येऊन जाळी विणत बसले. त्या दिवशी विणलेलं आईनं नंतर सगळं उसवलं.

जानेवारी असा गेला की विचारू नका. दगडावर चढून मी त्याचा नंबर लावायची. नंबर बंद. परत लावायची. परत बंद. ओडिशात पोचला असेल, नवा नंबर घेतला असेल, नव्या गावात कुणी प्रश्न विचारणारी नसेल, बरं झालं असेल त्याचं… असं मी स्वतःला समजावायची आणि त्यावर स्वतःच चिडायची. मी नाही म्हटलं याचा पश्चात्ताप मात्र कधी झाला नाही. फक्त तो नसण्याचं दुःख व्हायचं, आणि दुःखाला समजावून काही उपयोग नसतो.

फेब्रुवारीत पेपरात आलं. काही ठरावीक गोष्टी स्वस्त किंवा फुकट आणि बाकीच्या महाग, अशी नेटची विक्री चालणार नाही, असा नियम झाला. इस्तारीभाऊंनी पेपर गावभर फिरवला. "आपल्याले डिसेंबरात समजलं," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "दिल्लीले जरा टाइम लागला."

त्याच आठवड्यात मी आरमोरीच्या बाजारात मासळी घेऊन बसले होते. मान खाली, खवले काढण्यात गुंग. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"मरळ कशी देल्ली?"

"ताजी हाये, घेऊन जा," मी न बघताच म्हटलं.

"ताजी दिसते. पण विकणारीचं नाक लाल हाये."

माझ्या हातातली मासळी सटकून टोपलीत पडली. मिथुन! साधा पांढरा शर्ट, खिशावर कसलंच चिन्ह नाही, पायाला बसस्टँडची धूळ. थोडा वाळला होता.

"कोरापुट…?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"गेलोच नाई. त्याच संध्याकाळी राजीनामा देल्ला."

"अन् फोन?"

"कंपनीचा होता. परत द्या लागला. तुमचा नंबर त्यातच गेला."

"मंग दगडापाशी याचं होतं ना! नंबर गेला, पाळ तर तिथंच हाये!" मी ओरडलेच. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. "दोन महिने मी…"

"रिकाम्या हातानं कसा येऊ?" तो उकिडवा बसला, टोपलीच्या पलीकडं, माझ्या डोळ्यांसमोर. "नाई म्हणणारी पोट्टी हाये, काहीतरी पक्कं पाह्यजे ना सांगाले. इथल्या केबलवाल्यासंगं काम धरलं. एक डिश इथी वर लावली, एक तुमच्या शाळेवर लावू. गावाले परवडते असं नेट. इस्तारीभाऊले आजच भेटतो."

"कुलूप?"

"नाई. सगळं उघडते. साधनाबी, तुमच्या संस्थेचं पानबी, सगळे बाजारबी." त्यानं थोडं थांबून प्रामाणिकपणे जोडलं, "हळू हाये जरासं… पण सगळ्यायसाठी सारखंच हळू."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. भर बाजारात, हाताला खवले चिकटलेले, डोळे पुसायचीही सोय नाही. तो होता. इथंच होता. गावानं काही गमावलं नव्हतं आणि मीही नाही. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानं खिशातला रुमाल काढला आणि माझे डोळे पुसले, अगदी हळू, दोन्ही. शेजारची बाई तोंडावर पदर घेऊन हसली.

"तुमी माह्यासाठी नोकरी सोडली," मी म्हटलं.

"तुमी माह्याबद्दल सगळ्या गावासमोर बोलल्या. मी एकट्या साहेबासमोर बोललो. पारडं तुमचंच जड हाये." मग त्यानं खाली पाहिलं. "मले तुमी आवडता, डिंपल. त्या दगडावर भावासाठी ओरडल्या, तवापासून. आई-बाबूजीले सांगितलं. ते… ते रविवारी येतो म्हणतात. तुमच्या घरी."

"रविवारी नको," मी म्हटलं.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "काऊन?"

"रविवारी बाबा मासळी घेऊन बाजाराले जातात. घरी कोणी नसते." मी टोपलीतली पडलेली मरळ पुन्हा उचलली आणि मान खाली घालून म्हटलं, "सोमवारी बोलवा. आई झिंगे करन."

त्यानं कितीतरी वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. तो मला ऐकू आला, एवढ्या गर्दीतही. मग त्यानं बाही वर केली, टोपलीतली दुसरी मासळी घेतली आणि माझ्या शेजारी खवले काढायला बसला.